१-हेक्झीन + एचबीआर: १-ब्रोमोहेक्झेन कुठून आलं?

मडगावहून आलेला प्रश्न असा: १-हेक्झीनमध्ये (सहा कार्बनची साखळी, टोकाला दुहेरी बंध) ॲसिटिक ॲसिडमधलं ३३ टक्के एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) घातलं, २-ब्रोमोहेक्झेन अपेक्षित होतं, पण एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी चाचणी) १-ब्रोमोहेक्झेनही दिसतंय. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (हायड्रोजन टोकाच्या कार्बनला, ब्रोमीन शेजारच्याला) इथे का फसला?

नियम फसलेला नाही. हेक्झीनची बाटली किती दिवस उघडी-बंद होतेय ते बघा. हवेतल्या ऑक्सिजनने अल्कीनमध्ये (हेक्झीनसारख्या दुहेरी बंधाच्या संयुगात) पेरॉक्साइड तयार होतं, त्याने ब्रोमीन उलट्या जागी बसतं, आणि साखळी अभिक्रिया असल्याने त्याचा अंशही पुरतो. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये हेच दाखवलं.

दुहेरी बंधाला आधी कोण भिडतं, एवढंच बघायचं. एरवी आधी प्रोटॉन येतो, टोकाच्या कार्बनवर बसतो, धनभार दुसऱ्या कार्बनवर राहतो आणि ब्रोमाइड तिथे जातं. पेरॉक्साइड असलं की आधी ब्रोमीनचं रॅडिकल (सुटा, एकट्या इलेक्ट्रॉनचा अणू) येतं. बसतं तेही टोकालाच, हायड्रोजन मागून दुसऱ्या कार्बनला मिळतो. एचसीएल आणि एचआय यांच्या बाबतीत ही साखळी चालत नाही, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

आधी प्रमाण मोजा. १-ब्रोमोचा सीएच२बीआर एनएमआरच्या पट्टीवर सुमारे ३.४ पीपीएमला त्रिक (तीन शिखरांचा गट) देतो, २-ब्रोमोचा सीएचबीआर सुमारे ४.१ला. ३.४चं क्षेत्रफळ निम्मं करूनच तुलना करा. दोन हायड्रोजन विरुद्ध एक हे विसरलं की १-ब्रोमो उगाच दुप्पट दिसतं. ४.१च्या गर्दीत थोडं ३-ब्रोमोहेक्झेनही लपलेलं असू शकतं, ते शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन इलेक्ट्रॉनांसह (हायड्राइड) सरकल्यामुळे.

उपाय: हेक्झीन बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून गाळा, पेरॉक्साइड उरलंय का ते आयोडाइड-स्टार्च पट्टीने तपासा, मग नायट्रोजनखाली, अंधारात, चिमूटभर हायड्रोक्विनोन (रॅडिकल अडवणारं) घालून अभिक्रिया करा. ऊर्ध्वपातन (६३ अंश) करायचं तर पेरॉक्साइड आधी काढा आणि फ्लास्क कोरडा पडू देऊ नका.

काजूच्या टरफलाच्या तेलातल्या कार्डेनॉलवर (लांब साखळीचं फिनॉल) हाच प्रयोग करायचा विचार असेल तर सोडा. त्याच्या एकच दुहेरी बंध असलेल्या घटकात तो बंध साखळीच्या मधोमध आहे, दोन्ही कार्बन सारखेच, मिश्रणच मिळणार.

टोकाला ब्रोमीनऐवजी ओएच (अल्कोहोल) हवा असेल तर हायड्रोबोरेशन, म्हणजे दुहेरी बंधावर आधी बोरेन जोडणं: तीन मोल हेक्झीनला एक मोल बोरेन, मग कॉस्टिक सोडा आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड बर्फावर थेंबथेंब. मिळालेल्या अल्कोहोलमध्ये १-हेक्झॅनॉल साधारण ९४ टक्के. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र काचसामान रात्रभर १२० अंशांवर ठेवल्याशिवाय बोरेनला हात लावू नका, दमटपणाने ते हायड्रोजन सोडत वाया जातं.