माघात घोडीचे केस गळतायत, हा आजार की थंडी सरल्याची खूण?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी घेतली, शेतावर आणली, पौषभर ठीक होती. आता माघात पाठीवरून हात फिरवला की मूठभर केस हातात येतात आणि स्वभावानं गरीब असलेली घोडी चिडायला लागलीय. हा रोग आहे का? नसेल, तर आपल्या भागात वसंत लागल्याच्या आणखी कोणत्या खुणा शेतावर बघायच्या?

तुमच्या वर्णनावरून तरी घोडी ठणठणीत वाटते. आपल्याकडे वसंत आधी घोडीच्या अंगावर येतो आणि झाडांवर मागून. मी शहादा तालुक्यात तापीच्या काठी राहतो. दादर (रब्बी ज्वारी), हरभरा, थोडी केळी अशी शेती आहे आणि घरात आजोबांपासून घोड्या आहेत. दरवर्षी आधी खराऱ्यात केस येतात, पळस त्यानंतर फुलतो.

याचं कारण घोडीचं अंग उन्हापेक्षा उजेडावर चालतं. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या खानदेशात दिवस पावणेअकरा तासांहून जरासाच मोठा असतो. तिथून तो रोज थोडाथोडा वाढतो आणि २० मार्चच्या आसपास रात्रीच्या बरोबरीला येतो. वाढता उजेड डोळ्यांवाटे मेंदूला कळतो, अंधारात तयार होणारं मेलाटोनिन कमी पडतं, प्रोलॅक्टिन वाढतं आणि थंडीचे लांब केस मुळातून सुटायला लागतात. म्हणून धुळ्याकडे पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर असतानाही घोडी केस टाकते. केस सुटले याचा अर्थ थंडी गेली असा नाही, हे आधी लक्षात घ्या. झूल घालत असाल तर ती रात्रीची एवढ्यात काढू नका. सकाळी ऊन अंगाला लागलं की मगच काढा.

आता रोग आणि ऋतू यांतला फरक. घोडी उन्हात उभी करा आणि खांद्यावरचे केस दोन बोटांनी बाजूला करून बघा. खाली बारीक, चमकदार, अंगाला चिकटून बसलेले नवे केस दिसले आणि कातडी स्वच्छ असली, तर ती ऋतूची गळती आहे. ती मान, खांदे, पुठ्ठे अशी सुरू होते. पोटाखालचे आणि पायांचे केस सगळ्यांत शेवटी सुटतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे केस मुळातच बारीक, त्यामुळे पंजाबकडून आलेल्या भरदार नुकऱ्याइतके (पांढऱ्या घोड्याइतके) ते दिसत नाहीत.

गोल गोल टक्कल पडत असेल, कडेला कोंड्यासारखी खपली असेल, तर तो नायटा. तो माणसालाही लागतो. त्या घोडीचा खरारा, झूल, खोगीर दुसऱ्या जनावराला वापरू नका आणि तुम्ही स्वतःही हात साबणानं धुवा. घोडी सारखी खुंटाला, भिंतीला अंग घासत असेल, कातडी जाड होऊन खपल्या धरत असेल, तर खरूज समजा. आयाळीत आणि शेपटीच्या बुडाशीच खाज असेल तर तिथं उवा शोधा. या तिन्हींत डॉक्टरला बोलवा, कातडीची खरवड तपासायला सांगा. ऐकीव औषध, जळकं तेल वगैरे अंगाला चोळू नका. त्यानं कातडी भाजलेली जनावरं मी बघितलीत.

आणखी एक. गोठ्यातली सगळी जनावरं केस टाकतायत आणि एखादा म्हातारा घोडा मात्र फाल्गुनातही लांब केस घेऊन उभा आहे, असं दिसलं तर काळजी त्याची करायची. वय झालेल्या घोड्यात हार्मोनच्या बिघाडानं असं होतं. अंगात जंत असले किंवा खुराक कमी पडला तरी केस उशिरा सुटतात.

या दिवसांत खरारा दोनदा करा. सकाळी एकदा आणि काम झाल्यावर एकदा. रबराचा खरारा गोल फिरवायचा, मग केसांच्या दिशेनं ब्रश. हाडावर, म्हणजे गुडघ्याखाली आणि तोंडावर, रबर नको, तिथं मऊ कापड पुरे. आंघोळीची घाई करू नका. घालायचीच असेल तर दुपारी बाराच्या पुढे घाला आणि ऊन असेपर्यंत अंग कोरडं झालं पाहिजे. खाली पडलेले केस झाडून उकिरड्यावर टाकायची घाई तर अजिबात नको. आमच्या गोठ्यासमोर चिमण्या उतरतात. एखादी चिमणी तोंडात मावेल तेवढा केसांचा पुंजका गोळा करते, तो फार मोठा झाला की खाली ठेवते, अर्धा उचलते आणि पत्र्याखालच्या वाशाकडे उडते. थोड्या वेळानं उरलेल्या अर्ध्यासाठी परत येते. सगळ्या खुणांत मला ही खूण सगळ्यांत लाडकी. ती दिसली की आमचे नाना पडवीतूनच म्हणतात, "आते थंडी सरनी."

चिडचिडीचं म्हणाल, तर तिचं कारणही तोच वाढता उजेड असू शकतो. बहुतेक घोड्या हिवाळ्यात माजावर येत नाहीत. माघ-फाल्गुनात त्यांचं चक्र पुन्हा सुरू होतं, पण एकदम घडी बसत नाही. पहिला माज लांबतो, कधी दहा-बारा दिवसही चालतो, मध्येच थांबतो, परत दिसतो आणि या काळात अनेकदा बीज सुटतच नाही. नीट घडी बसली की साधारण २१ दिवसांनी माज येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. शेपटी उचलून धरणं, थोडी थोडी लघवी करणं, योनीचे ओठ उघडझाप करणं, दुसरा घोडा दिसला की खिंकाळणं ही माजाची लक्षणं. कान मागे टाकणं, तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना चावायला येणं हेही या दिवसांत होतं. त्याबद्दल तिला मारू नका. पाठीवर, खोगिराखाली फोड किंवा सूज तर नाही ना, एवढं मात्र आधी बघून घ्या.

इथं एक गफलत महागात पडते. सारखी लघवीला उभी राहणारी घोडी माजावर असेल तसं तिचं पोटही दुखत असेल. पोटशूळ असला तर ती वळून कुशीकडे बघते, पुढच्या पायानं जमीन उकरते, उठबस करते, लोळते, चंदी (दाणा-खुराक) सोडते आणि लीद टाकत नाही. माजावरची घोडी सहसा खाते आणि लीद टाकते. संशय आला तर लीद बघा. ती बंद असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन करा.

आणि पोटशूळ याच दिवसांत जास्त का होतो, तर पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तेहतीस-चौतीस असा आपला फाल्गुन. सकाळचं पाणी गार, घोडी ते नुसतं हुंगते. दिवसभर कोरडा कडबा खाते आणि आतडं भरून बसतं. एरवी घोडीला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीपर्यंत जातं. या दिवसांत रात्रीचं शिळं पाणी ओतून सकाळी विहिरीचं ताजं द्या. ते कोमट असतं, घोडी पोटभर पिते. सैंधवाचा खडा गव्हाणीत ठेवा.

वसंताची खरी गर्दी वावरात असते आणि धोकाही तिथंच असतो. हरभरा काढायला येतो, गहू पिवळा पडतो, दादरीची कापणी होते, थ्रेशर गावभर फिरतात. शेजारी प्रेमानं डहाळ्याचा भारा आणून टाकतात. घोडीला हिरवा हरभरा आवडतो, पण एकदम भाराभर खाल्ला तर पोट फुगतं. नवीन चारा कुठलाही असो, जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत वाढवायचा. खळ्यावर गव्हाची रास पडली असेल तर घोडी मोकळी सोडू नका. राशीवर सुटून पोटभर गहू खाल्लेली घोडी पोटानं वाचली तरी खुरांनी जाते. खुराच्या आतला भाग सुजतो, पाय टाकवत नाही आणि कायमची लंगडी होते. अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या दोऱ्या) तपासा, खुंट हलवून बघा.

तिसरी गोष्ट नव्या शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. दादर कापल्यावर जमिनीत ओल असली तर बुडख्यातून कोवळे फुटवे निघतात. हिरवेगार दिसतात, पण त्यांत विष असतं. गाई-बैलांना त्यानं किराळ (ज्वारीची विषबाधा) लागते आणि जनावर बघता बघता दगावतं. घोडीलाही त्या वावरात चारायला सोडू नका. वाळलेला कडबा चालतो.

आता झाडं-पाखरं. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात आहे, पण आपल्याकडे चैत्रात ऊन भाजायला लागतं आणि वैशाखात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसकडे जातो. खानदेशचा वसंत म्हणजे माघाचा उत्तरार्ध आणि फाल्गुन. तो लहान असतो, म्हणून बघायचा असेल तर उशीर करून चालत नाही. काटेसावर पान टाकून लाल होते आणि तिच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. या गुलाबी अंगाच्या मैना मध्य आशियातून येतात, फुलातला रस पितात, उभ्या दादरीवरही पडतात आणि एप्रिल सरता सरता परत जातात. आंब्याचा मोहोर गळून ज्वारीच्या दाण्याएवढी कैरी धरते. निंब पान झाडतो आणि तांबूस पालवी काढतो. तांबट पक्ष्याचं एका ठेक्यातलं पुक-पुक दुपारभर चालतं. थंडीत अडून बसलेल्या केळीचा पोगा (गुंडाळलेलं नवं पान) भराभर उलगडायला लागतो, रावेर-यावलच्या बागाईतदाराला याहून मोठी खूण नको. सातपुड्याच्या पायथ्याला पळस पेटतो, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांना पावरा-भिलांची गर्दी होते आणि अक्कलकुव्याकडे काठीच्या राजवाडी होळीची तयारी सुरू होते. तोपर्यंत तुमच्या घोडीची पाठ नव्या केसांनी चकचकीत झालेली असेल.

माशा मात्र त्याच्याही आधी येतात. लीद रोज उचला, उकिरडा गोठ्यापासून लांब ठेवा, कारण उबेत माशीची पिढी दहा-पंधरा दिवसांत तयार होते. कानात, शेपटीखाली, मांडीच्या आत गोचीड शोधा. गोमाशी चावून सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, पसरतो. ताप येऊन जाऊन राहिला, घोडी खातेय पण वाळतेय, पायांवर-पोटाखाली सूज येतेय, असं दिसलं तर रक्त तपासून घ्या. काळी जमीन याच दिवसांत भेगाळते आणि ढेकळं दगडासारखी होतात. त्यावर वाढलेलं खूर तडकतं. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवायचा नेम ठेवा. यात्रेनंतर अजून बोलवला नसेल तर आत्ताच बोलवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी दिलंय ते विकणाऱ्याला विचारा. माहीत नसेल तर डॉक्टरकडून नव्यानं घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की आता माजावर आलीच आहे तर घोडा दाखवायचा का. एवढ्यात नको. माजाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि २१ दिवसांची घडी बसलेली दिसेपर्यंत थांबा. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते, म्हणजे फाल्गुन-चैत्रात फळली तर शिंगरू पुढच्या माघ-फाल्गुनात येईल आणि कडक उन्हाआधी त्याला पाय रोवायला वेळ मिळेल. पण त्याआधी एक तपासणी नक्की करा. यात्रेत घेतलेली घोडी कधी कधी आधीच गाभण असते आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. गाभण घोडीसुद्धा एखाद्या वेळी माजासारखी लक्षणं दाखवते. अशा घोडीला घोडा लावला तर पोटातलं शिंगरू जाऊ शकतं. डॉक्टरकडून सोनोग्राफी करून घ्या, त्याच वेळी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्त तपासणीचा दाखलाही मागा, आणि घोडेवाल्याकडून त्याच्या घोड्याचा तसाच दाखला बघितल्याशिवाय घोडी त्याच्या दारात नेऊ नका.