आवरणे: राग, हळद आणि वृत्र

विट्याच्या एका वाचकांनी विचारले आहे, की राग आवरणे आणि घर आवरणे यांतले ‘आवरणे’ एकच आहे काय, आणि ‘तिला अश्रू रोखता आले नाहीत’ हे वाक्य शुद्ध आहे काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बातम्यांतून हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. रस्ता रोखावा, शत्रू रोखावा. अश्रू, हसू आणि राग आवरायचे असतात. ‘स्वतःला रोखू शकलो नाही’ ही तर हिंदीची सरळ नक्कल असून त्यासाठी आपल्याकडे ‘मला राहवले नाही’ असे नेमके वाक्य आहे. शिवाय ‘त्याला हसू आवरेना’ असे आपण सहज म्हणतो, ‘त्याला हसू रोखेना’ असे कोणी म्हणत नाही. (बंदूक रोखण्यातला ‘रोख’ फारसी ‘रुख’चा, म्हणजे तोंडाचा वा दिशेचा, रस्ता रोखण्याशी त्याची सोयरीक जुळवणाऱ्यांनी हिंदीतल्या ‘रोकना’कडे एकदा पाहावे.)

‘आवरणे’ मात्र एकच. ‘आ’ उपसर्ग आणि झाकणे, वेढणे या अर्थाचा ‘वृ’ धातू. स्वयंवरातला ‘वृ’ निराळा. सांगलीकडे शिजवलेली हळद उन्हात पसरलेली असताना वळवाचे ढग दिसले, की ‘हळद आवरा’ अशी हाक येते आणि माणसे पसरलेला माल ओढून ढीग करतात व वर ताडपत्री टाकतात. गोळा करणे, आवाक्यात आणणे आणि झाकणे हे सारे त्या एका हाकेत आले, तेव्हा रागासाठी वेगळी व्युत्पत्ती शोधण्याचे कारण उरत नाही.

या धातूचे खरे वैभव ‘वृत्र’ या नावात आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 32व्या सूक्तात इंद्र ज्याला मारून कोंडलेले पाणी मोकळे करतो, तो वृत्र म्हणजे वेढून, अडवून बसणारा. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या निरुक्त या ग्रंथात त्याच्यासाठी ‘वृ’, ‘वृत्’ (असणे, फिरणे) आणि ‘वृध्’ (वाढणे) असे तीन धातू पुढे ठेवले आहेत. आचार्यांविषयी आदर राखूनही म्हणावे लागते, की हा निवाडा नव्हे, निवाड्याची टाळाटाळ आहे; पाणी अडवणाऱ्याला ‘वृ’ सोडून दुसरा धातू हवाच कशाला?

सह्याद्रीत उगम पावून हरिपूरला कृष्णेस मिळणारी वारणाही मी याच कुळात घालतो. ‘वारण’ म्हणजे अडवणे, ‘निवारण’ त्यातलेच. आणि आजही सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द बऱ्याच अंतरापर्यंत या नदीच्या पात्रातूनच जाते. हा माझा तर्क आहे, पण ‘वारण’ म्हणजे हत्ती असा संस्कृत अर्थ पुढे करून तो कोणी खोडू पाहील, तर पारंपरिक व्युत्पत्ती त्या हत्तीलाही शत्रूचे वारण करणारा म्हणून याच धातूच्या दावणीला बांधते.