मोसादेघचं सरकार पाडलं गेलं त्याला ‘उठाव’ म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की इराणमध्ये १९५३ साली पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार उलथवलं गेलं त्याला मराठीत नेमका शब्द कोणता, कारण एका लेखात ‘उठाव’ लिहिलंय, दुसऱ्यात ‘लष्करी बंड’ आणि टीव्हीवर ‘तख्तापालट’.

माझ्या मते ‘उठाव’ तर अजिबात नको. उठाव म्हटलं की लोक अन्यायाविरुद्ध उठले असा अर्थ आपोआप येतो, आणि गंमत म्हणून नाही तर खरंच सांगतो, शाहच्या म्हणजे इराणच्या राजाच्या राजवटीत त्या दिवसाला अधिकृतपणे ‘कियाम-ए मेल्ली’ म्हणजे राष्ट्रीय उठावच म्हणायचे. मोसादेघच्या बाजूचे लोक त्यालाच ‘कूदेता’ म्हणजे बळाने सत्ता बळकावणं म्हणतात, तो शब्द फ्रेंचमधून फारसीत गेलेला. म्हणजे आपण सहज ‘उठाव’ लिहिलं की नकळत शाहची बाजू घेतो. १८५७ला ‘शिपायांचं बंड’ म्हणायचं की ‘स्वातंत्र्यसमर’ यावर आपल्याकडे एवढा वाद झाला तो उगाच नाही.

आता झालं काय ते बघा. १९५१ मध्ये मोसादेघनी तेलाचं राष्ट्रीयीकरण लावून धरलं, ब्रिटिश तेल कंपनीच्या हातातून अबादानची रिफायनरी गेली, ब्रिटनने तेलाची कोंडी केली आणि पुढे अमेरिकेला सोबत घेऊन सीआयए आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याने प्लॅन आखला, अमेरिकन बाजूचं नाव ‘एजॅक्स’. पेपरवाल्यांना पैसे, भाडोत्री जमाव, सैन्यातले अधिकारी फोडणं, सगळं त्यात होतं. १५ ऑगस्ट १९५३च्या रात्री शाहचा माणूस कर्नल नासिरी मोसादेघच्या बडतर्फीचं शाहचं फर्मान घेऊन गेला आणि त्यालाच अटक झाली, शाह बगदादला आणि तिथून रोमला पळाला, सगळं फसलं असं वाटत असतानाच १९ ऑगस्टला जमाव आणि रणगाडे रस्त्यावर आले आणि जनरल झाहेदी पंतप्रधान झाला. मोसादेघना तीन वर्षं कैद, मग मरेपर्यंत म्हणजे १९६७ पर्यंत अहमदाबाद नावाच्या त्यांच्या गावी नजरकैद. हे वाचताना मला अजून वाईट वाटतं.

‘बंड’ही नीट बसत नाही, कारण बंड वरच्याविरुद्ध असतं आणि इथे अधिकारी शाहचंच फर्मान दाखवत होते. ‘तख्तापालट’ हिंदीतून आलाय, शिवाय तख्त कुठे पालटलं, शाह तर उलट आणखी घट्ट बसला. ‘सत्तापालट’ चालेल पण तो आपण निवडणुकीनंतरही वापरतो, त्यामुळे कसं झालं ते कळतच नाही.

उरले ‘कट’ आणि ‘कारस्थान’. कारस्थान शब्दाला आज वाईट वास येतो पण बारभाईंचं कारस्थान आठवा, नारायणरावाच्या खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळी राघोबाविरुद्ध एकत्र आली ते, तिथे आपण हा शब्द कौतुकानेच वापरतो, त्यात मुत्सद्देगिरी आहे, डावपेच आहेत, लांब पल्ला आहे. कट त्यापेक्षा नेमका. कट रचतात, कट शिजतो, फसतो, उघडकीला येतो, त्यात ठरावीक माणसं असतात आणि ठरलेलं एक काम असतं. १५ ऑगस्टला फसला आणि १९ला तडीस गेला तो कटच. म्हणून मी ‘मोसादेघ सरकार उलथवण्याचा कट’ असंच लिहीन.

आणि इथे ‘कथित’ लावायची गरज नाही, २०१३ मध्ये खुल्या झालेल्या सीआयएच्या स्वतःच्या कागदांत कबुली आहे. स्थानिक लोकांचा वाटा किती आणि परक्यांचा किती यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि मोसादेघनी त्याच ऑगस्टमध्ये सार्वमत घेऊन मजलिस म्हणजे इराणची संसद बरखास्त करायचं ठरवलं होतं हेही लपवू नये, पण कट होता यावर आता वाद नाही.

चिलीचं वेगळं. तिथे ११ सप्टेंबर १९७३ला ‘लष्करी बंड’ हा शब्द चपखल बसतो, कारण बंड करणाऱ्या जनरल पिनोशेला लष्करप्रमुख म्हणून खुद्द अध्यक्ष आयेंदेंनीच काही दिवस आधी नेमलं होतं. अमेरिकेने १९७० मध्ये आयेंदे सत्तेवर येऊच नयेत म्हणून केलेल्या खटपटी कागदोपत्री सिद्ध आहेत, तिथे बिनधास्त ‘कट’ लिहा, पण खुद्द १९७३च्या बंडात सीआयएचा थेट हात असल्याचा पुरावा अमेरिकी सिनेटच्या चौकशीला सापडला नव्हता, त्यामुळे तेवढ्या भागापुरतं ‘कथित’ ठेवा.