सातवीत लॅटिन घेतलंयस ना?

सुरुवातीला शब्दांच्या याद्या घोकत बसू नकोस, आधी प्रत्यय पक्के कर. 'कनिस पुएल्लाम विदेत' म्हणजे कुत्रा मुलीला बघतो. शब्द उलटसुलट केलेस तरी बघणारा कुत्राच. 'पुएल्ला कनेम विदेत' झालं, की मग मुलगी कुत्र्याला बघते. घरी मराठी बोलणाऱ्याला यात नवल नाही. वर्गातली इंग्रजीवाली मुलं मात्र इथेच अडतात.

नाम वहीत उतरवताना षष्ठीचं रूपही लिही: रेक्स (राजा), रेगिस (राजाचा). नुसत्या 'रेक्स'वरून पुढची रूपं कशी होतील ते कळत नाही. आणि रूपं मोठ्याने म्हण, घरचे हसले तरी.

संस्कृतीच्या तासाला सगळे रोमन सम्राटांच्या मागे लागतात. मला विचारशील तर पाँपेई धर. सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं हे रोमन गाव. तिथल्या कैकिलियस युकुंडुस या सावकाराच्या घरात 1875 मध्ये मेणाच्या पाट्यांचा साठा सापडला: लिलावाच्या पैशांच्या पावत्या, खाली साक्षीदारांची नावं. रोमन माणूस व्यवहार कसा करायचा, ते त्यात दिसतं.

टोगा-दिनाला, म्हणजे रोमन लोकांसारखं अंगाभोवती वस्त्र गुंडाळून जायच्या दिवशी, जुनी पांढरी चादर चालते. गृहपाठ भाषांतराच्या ॲपला देऊ नकोस. प्रत्यय चुकले की बाईंना लगेच कळतं.