वाचकांचे प्रश्न : बाराबंदी घालू की नको?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २६ वर्षांचा, सोलापुरातच वाढलो, सध्या पुण्यात नोकरीला. सिद्धेश्वराच्या म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणं आमच्या घरात आजोबांपासून चालत आलंय. आता पप्पांचे गुडघे साथ देत नाहीत. या संक्रांतीला तू उभा राहा, बाराबंदी (काठी धरणाऱ्यांचा पांढरा पोशाख) शिवायला टाक, असं त्यांनी सांगितलंय. पण माझा देवावर विश्वास नाही. कॉलेजला असतानाच तो गेला आणि हे फक्त बहिणीला माहीत आहे. काठी धरली तर ढोंग होईल, नाही म्हटलं तर पप्पा खचतील. काकांना थोडी कुणकुण लागलीय. ते म्हणतात, "चार दिवसांचं फॅड आहे, संकट आलं की आपोआप हात जोडशील." काय करू? — एक वाचक, बाळीवेस

उत्तर : आधी काकांच्या वाक्याविषयी बोलते, कारण त्या वाक्याचा मला फार जुना राग आहे. मी स्वतः देव मानणारी बाई आहे. सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण माझे वडील गिरणीत साच्यावर होते, लाल बावट्याचे होते आणि त्यांनी आयुष्यात कधी देवापुढे हात जोडले नाहीत. आई रोज पूजा करायची, फुलं मात्र तेच आणून द्यायचे. त्यांचं शेवटचं दुखणं लांबलं. भेटायला येणारे नातेवाईक कानाशी वाकून "आता तरी राम म्हणा" म्हणायचे. वडील म्हटले नाहीत आणि घाबरलेही नाहीत. थोरल्या बहिणीच्या रेशनकार्डावर नाव चढलं का, एवढंच विचारत राहिले. म्हणून सांगते, संकटात प्रत्येकजण देवाकडे वळतोच असं नाही. आणि जो भीतीने वळला त्याची ती श्रद्धाच, असं निदान मी तरी मानत नाही.

आता तुझं. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. काठी पेलणं ही एक आणि पप्पांपासून लपवणं ही दुसरी. तुला जे ढोंग वाटतंय ते या दुसऱ्या गोष्टीत आहे.

काठी पेलायला काय लागतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आधीपासूनचा सराव लागतो, खांदा लागतो, कंबर लागते, एकाचा तोल गेला तर सावरणारी माणसं लागतात. सात काठ्या, त्यांत वेगवेगळ्या समाजांचा मान. ६८ लिंगांची प्रदक्षिणा, मग संमती कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशी होम. ज्या कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांशी, लग्नाचा हट्ट धरला, तिचं लग्न त्या योग्याने आपल्या योगदंडाशी लावून दिलं, ही त्यामागची कथा. हे सगळं सोलापूरचं आहे आणि तू सोलापूरचा आहेस. या गर्दीतल्या प्रत्येकाची श्रद्धा तपासून कुणी आत सोडत नाही. माझे वडीलसुद्धा दरवर्षी आम्हाला खांद्यावर घेऊन अक्षतांना यायचे. लोक कसे एका तालात चालतात ते बघ म्हणायचे.

आणि ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते त्यांच्याच आयुष्यातली गोष्ट आठव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथे तळं खोदत होते, लिंगांची स्थापना करत होते. तेव्हा बसवण्णांच्या परंपरेतले संत अल्लमप्रभू आले आणि हे नुसतं मातीकाम आहे, यात आत्मज्ञान कुठे, असं तोंडावर विचारलं. या शरण (लिंगायत संतांच्या) परंपरेत सांगतात की चिडलेल्या भक्तांनी अल्लमप्रभूंवर दगड भिरकावले. सिद्धरामेश्वरांनी शेवटी त्यांचं म्हणणं मनाला लावून घेतलं, त्यांच्याबरोबर बसवण्णांच्या कल्याणला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) गेले आणि बसवण्णांचे भाचे चेन्नबसवण्णा यांच्याकडून दीक्षा घेतली. प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे जाणारा हा देव आहे. त्याच्या यात्रेत एका प्रश्न पडलेल्या मुलाला जागा नसावी, हे मला पटत नाही.

पण पप्पांना सांग. सराव सुरू होण्याआधी, घरात दोघंच असताना सांग. वाद घालू नकोस, पुस्तकांतली नावं घेऊ नकोस. "पप्पा, देव आहे असं मला वाटत नाही. पण तुमची काठी मी मनापासून पेलेन, चालेल का?" एवढंच म्हण. ते "चालेल" म्हणाले तर बाराबंदी घाल आणि काठी नीट पेल, सरावाला दांडी मारू नकोस. यात्रेतला 'हर्र'चा गजर करायला जीभ वळत नसेल तर गप्प राहा, ओझं गप्प राहूनही पेलता येतं. ते "नको" म्हणाले तर तेही ऐक. ती काठी त्यांच्यासाठी देवाची आहे, ती कुणाच्या हाती द्यायची हे ठरवायचा हक्क त्यांचा. वाईट वाटेल, दोघांनाही. ते मी टाळून देऊ शकत नाही.

नास्तिकांनी कसं वागावं याचा विचार करताना मला दोन माणसं आठवतात. एक आगरकर. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, पण घरात यशोदाबाईंच्या देवधर्माच्या आड ते आले नाहीत. दुसरे आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, गोरा म्हणतात त्यांना. कट्टर नास्तिक, आणि गांधीजींचे सहकारी. त्यांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी सेवाग्रामला व्हायचं ठरलं, तेव्हा विधीत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायला गांधीजी तयार झाले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. लग्न त्यानंतर मार्चमध्ये तिथेच झालं. रामनाम घेणाऱ्या माणसाने, समोरच्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून, स्वतःचा शब्द बाजूला ठेवला. तुझ्या काकांना हे जरूर वाचून दाखव.

प्रश्न : ताई, मी विड्या वळते. कोरोनात माझे मालक गेले. दर कोजागरीला आम्ही गल्लीतल्या बाया तुळजापूरला चालत जायचो. आता पाय निघत नाही. देवीपुढे दिवा लावते, पण मनात राग येतो. सासूबाई म्हणतात, तू पाखंडी झालीस. ओळखीतला एकजण म्हणतो, नवस राहिला म्हणून मालक गेले, शांती कर, अकरा हजार लागतील. मी खरंच नास्तिक झाले का? — एक भगिनी, अशोक चौक

उत्तर : अक्का, आधी तो अकरा हजारवाला. त्याला एक रुपया देऊ नका. तुमचे मालक आजाराने गेले. त्या दोन वर्षांत मंदिरात जाणारे गेले, मशिदीत जाणारे गेले, कुठेच न जाणारेही गेले. नवस राहिल्याने कुणी मरत नाही. जी आई लेकराचा बाप नवसासाठी नेते, तिला मी तरी आई म्हणणार नाही, आणि भवानीआईवर असा आळ घेणारा माणूस तिचा भक्त नव्हे. त्याने धाक घातला, "नाहीतर पोरांवर येईल" असं काही म्हटलं, तर सरळ पोलिसांत जा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. दाभोलकर आयुष्यभर सांगत होते की आमचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने लुबाडणाऱ्यांशी आहे. गल्लीतल्या चारजणी बरोबर घेऊन जा, एकट्या जाऊ नका.

राग येतो म्हणता. माझ्या वडिलांना देवाचा कधीच राग आला नाही, कारण त्यांच्या लेखी रागवायला तिथे कुणी नव्हतंच. तुम्ही मात्र रोज दिवा लावून तिच्याशी भांडताय. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, त्या विठ्ठलाशी जनाबाई भांडली, नामदेव भांडले. तुकोबांच्या घरात दुष्काळाने बायको गेली, मुलगा गेला. त्यांच्या एका अभंगात तर माझ्या लेखी देव मेला, असं स्पष्ट म्हटलंय. तरी आज त्यांची पालखी निघते आणि लाखो लोक मागे चालतात. तेव्हा सासूबाईंच्या शब्दाचं ओझं घेऊ नका. त्यांचाही मुलगा गेलाय, हेही लक्षात असू द्या. त्यांना राग काढायला देवी चालत नाही, म्हणून तो तुमच्यावर निघत असेल.

आणि समजा उद्या राग ओसरला आणि त्या जागी काहीच उरलं नाही, दिवा लावावासाच वाटला नाही, तर? तर लावू नका. त्याने तुम्ही वाईट बाई होत नाही. पोरांचं शिक्षण, कारखान्यात माल देणं, सासूबाईंचं औषधपाणी, हे तुम्ही आजही देवीच्या भीतीने करत नाही, माणुसकीने करता, आणि ते तसंच चालू राहील. या कोजागरीला जाऊ नका. बायांना सांगा, यंदा नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या सोबतीसाठी म्हणून जावंसं वाटलं तर जा, देवळाच्या पायऱ्या उतरल्या नाहीत तरी चालेल.

प्रश्न : मुलाच्या शाळेच्या अर्जात 'धर्म' या रकान्यात 'नाही' लिहिलं तर चालेल का? आम्ही दोघंही निधर्मी आहोत. — एक दांपत्य, होटगी रोड

उत्तर : लिहा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की धर्म सांगायची सक्ती कुणावर करता येत नाही आणि मला कोणताच धर्म नाही असं सांगण्याचा अधिकार घटनेच्या २५व्या कलमात येतो. त्यांनी अडवलं तर लेखी उत्तर मागा. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हिंदू घरात जन्मलेल्याने देव मानला नाही तरी लग्न-वारशाच्या बाबतीत त्याला सहसा हिंदू कायदाच लागू होतो. आणि घर अनुसूचित जातीतलं असेल तर थांबा : तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, त्यामुळे कोरा रकाना पुढे दाखल्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. अशा वेळी अर्ज भरण्याआधी वकिलाला विचारून घ्या.