‘सहक्षेपित’मधला ‘सह’ कोणाचा?

प्रश्न असा आला आहे : घरात जपून ठेवलेल्या एका जुन्या कॅसेटवर रेडिओचा तुकडा सापडला. त्यात निवेदिका म्हणते, ‘आता ऐका, दिल्ली केंद्रावरून सहक्षेपित होणाऱ्या मराठी बातम्या.’ हे ‘सहक्षेपित’ म्हणजे ‘प्रक्षेपित’च का? की तिला ‘सहप्रक्षेपित’ म्हणायचं होतं आणि एक अक्षर राहून गेलं? आणि आज एकच कार्यक्रम दोन वाहिन्यांवर एकाच वेळी दाखवला, तर त्यालाही सहक्षेपण म्हणावं का?

निवेदिकेचं काहीही राहून गेलेलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी एका लहान आकाशवाणी केंद्रावर नैमित्तिक निवेदक होतो आणि जवळजवळ हेच वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं आहे. प्रश्न वाचला आणि हेडफोनच्या रबराचा वास आला, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी थोडक्यात अर्थ. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम, तिथे तो चालू असताना त्याच क्षणी, आपल्या प्रक्षेपकावरून आपल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचवणं म्हणजे सहक्षेपण. स्टुडिओत आम्ही सगळे ‘रिले’ म्हणायचो. ‘रिले घेतला का?’, ‘रिले सोड आता’ अशीच भाषा. पण माइकचा लाल दिवा लागला की तोंडून ‘सहक्षेपित’च यायचं.

शब्दाच्या मुळाशी ‘क्षिप्’ हा धातू आहे, म्हणजे फेकणं. आक्षेप, हस्तक्षेप, संक्षेप, क्षेपणास्त्र ही सगळी त्याचीच भावंडं. पोथीत मागाहून कुणी श्लोक घुसडला तर तो ‘प्रक्षिप्त’, तोही याच घरातला. आवाज दूर फेकायचा म्हणून ध्वनिक्षेपण, आणि फेकणारं यंत्र म्हणून ध्वनिक्षेपक. ‘प्रसारण’चं कूळ वेगळं. तिथे ‘सृ’ धातू आहे, सरणं, पसरणं. अर्थ शेजारी शेजारी असले तरी आमच्या इमारतीत त्यांची कामं वाटलेली होती. कार्यक्रम ‘प्रसारित’ व्हायचा, ते स्टुडिओतल्या माणसांचं काम. ‘प्रक्षेपण’ म्हटलं की डोळ्यांपुढे यायचा गावाबाहेरच्या मोकळ्या रानातला मनोरा आणि त्याच्या पायथ्याशी रात्रपाळी करणारे अभियंते. कोशात ही वाटणी इतकी काटेकोर सापडणार नाही, दूरचित्रवाणीने तर ‘थेट प्रक्षेपण’ घरोघर नेलं. पण माझ्या कानाला अजूनही प्रसारण माणसाचं वाटतं आणि प्रक्षेपण यंत्राचं.

‘रिले’पेक्षा मला ‘सहक्षेपण’ सरस वाटतं, आणि त्याला कारण आहे. ‘रिले’ हा मूळचा शिकारीतला आणि प्रवासातला शब्द. दमलेले कुत्रे किंवा घोडे बदलून ताजे घ्यायचे, ती ताजी जोडी म्हणजे रिले. आपल्याकडे घोड्याच्या डाकेचा ‘टप्पा’ होताच, कल्पना तीच. पण टप्प्यावर पहिला घोडा थांबतो, मग दुसरा निघतो. शर्यतीतही दांडी हातात दिली की पहिल्याचं धावणं संपतं. रेडिओवर तसं होत नाही. दिल्ली बोलतच असते, आणि ती बोलत असतानाच आम्हीही तेच शब्द पुढे धाडत असतो. दोघं एकाच क्षणी. ज्याने कुणी इथे ‘सह’ योजला, त्याला ही गोष्ट पक्की कळलेली होती. सहगान, सहप्रवास, सहभोजन यांतला ‘सह’ तोच.

सकाळी साडेआठच्या बातम्यांचं उदाहरण सांगतो. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी शेवटचं गाणं तबकडीवर सुरू व्हायचं. हेडफोनचा एक कान गाण्याला, दुसरा दिल्लीच्या लाइनला. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३मध्ये अवकाशात गेला आणि त्यानंतर दिल्लीचा आवाज छतावरच्या डिश अँटेनातून येऊ लागला. माझ्या वेळी तोच मार्ग होता. त्याआधीच्या निवेदकांनी हा आवाज टपाल-तार खात्याच्या तारांवरून घेतला होता, नाहीतर लघुलहरींवर (शॉर्टवेव्हवर) पकडला होता. लघुलहरी आकाशातल्या थरांवर आपटून येतात, त्यामुळे आवाज हेलकावे खातो. आमच्या ज्येष्ठ सहकारी सांगायच्या की काही सकाळी निवेदक दिल्लीत बसलाय की विहिरीत, असं वाटायचं. लाइनवर नियंत्रण कक्षाचा माणूस ‘आहे, स्वच्छ आहे’ म्हणाला की गाण्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, हळूहळू खाली आणायचा, माइक उघडायचा, केंद्राचं नाव सांगायचं आणि ते वाक्य म्हणायचं : ‘आता ऐका, दिल्ली केंद्रावरून सहक्षेपित होणाऱ्या मराठी बातम्या.’ माइक बंद. उजव्या हाताने दिल्लीचा फेडर वर.

‘बातम्या’ हा माझा शब्द आणि दिल्लीचा पहिला शब्द यांच्यामध्ये एक श्वास मावला पाहिजे. वाक्य लांबलं तर मी दिल्लीवर बोलणार. लवकर संपलं तर नुसती शांतता, आणि रेडिओवरची पाच सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला पंचवीस सेकंदांची वाटते. घड्याळाच्या लाल काट्याकडे बघत ‘सहक्षेपित होणाऱ्या’ किती ओढायचं, किती आवळायचं, हे अंगात मुरायला मला वर्ष लागलं. फेडर वर जायचा, पलीकडून ‘आकाशवाणी’ हा शब्द यायचा आणि खांदे सैल पडायचे.

त्या शब्दाच्या उच्चाराचंही सांगायला हवं. ‘ह’च्या लगेच पुढे ‘क्ष’. घाईत म्हटलं की ‘ह’ विरतो आणि ‘सैक्षेपित’ ऐकू येतं. आम्हाला शिकवलं होतं की ‘सह’ पूर्ण म्हणा, मग ‘क्षेपित’. मध्ये थांबायचं नाही, फक्त ‘ह’ला त्याचा श्वास द्यायचा. कॅसेटवरची निवेदिका हे कसं म्हणते, ते पुन्हा ऐकून पाहा. जुन्या निवेदिकांचा ‘ह’ फार सुंदर असे.

आता या शब्दातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं. सहक्षेपण करतो कोण? वाक्यात नाव दिल्लीचं आहे, म्हणून वाटतं की दिल्ली सहक्षेपित करते. पण दिल्ली प्रसारित करते. सहक्षेपित करतं ते छोटं केंद्र, ज्याचा त्या वाक्यात उल्लेखही नाही. पूर्ण वाक्य लिहायचं तर असं होईल : ‘दिल्ली केंद्रावरून प्रसारित होणाऱ्या बातम्या आम्ही सहक्षेपित करत आहोत.’ रोजच्या वापरात दोन क्रियापदांचं एक झालं, ‘आम्ही’ गळला आणि ‘दिल्ली केंद्रावरून सहक्षेपित’ एवढं उरलं. त्याला मी चूक म्हणणार नाही, ती रुळलेली रचना आहे. पण कर्ता कोण, हे विसरू नये.

हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, नोंदवहीने शिकवलं. पावसाळ्यातली सकाळ होती. बातम्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या मिनिटाला दिल्ली गेली. हेडफोनमध्ये नुसती खरखर. अशा वेळेसाठी संतूरची एक तबकडी कायम तयार ठेवलेली असे. सुई टेकवली, माइक उघडला आणि म्हटलं, ‘सहक्षेपणात आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ चाळीस सेकंदांनी आवाज परतला, तो एका वाक्याच्या मध्यावर. सभा संपल्यावर मी नोंदवहीत लिहिलं, ‘दिल्लीच्या बातम्या ४० सेकंद बंद.’ (सकाळच्या, दुपारच्या, रात्रीच्या प्रसारणाला आकाशवाणीत ‘सभा’ म्हणतात. तो शब्दही मला फार आवडतो, पण त्यावर वेगळं लिहावं लागेल.) त्या दिवशीच्या ड्यूटी ऑफिसर बाईंनी ते वाचलं, काही न बोलता माझ्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘दिल्ली बातमीपत्राच्या सहक्षेपणात ४० सेकंद व्यत्यय.’ मग वर बघून म्हणाल्या, ‘दिल्लीच्या बातम्या बंद नव्हत्या पडल्या. बाकी सगळीकडे चालू होत्या. बंद पडलो आपण.’

चार दिवसांनी एका श्रोत्याचं पोस्टकार्ड आलं. दिल्लीला त्या दिवशी काय झालं होतं, अशी काळजीने विचारणा होती. उत्तर लिहिताना मी ‘आमच्या केंद्रावरील सहक्षेपणात’ असं सुरू केलं, आणि ते ‘आमच्या’ लिहिताना ऊर भरून आला होता. एरवी दिवसाचे कित्येक तास आम्ही दुसऱ्यांचाच आवाज पोहोचवायचो. पण पोहोचवणं आमचं होतं.

त्याच वाक्यातल्या ‘व्यत्यय’बद्दलही दोन शब्द. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ हे मराठी घरांत पोहोचलं ते रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या अशाच तुटलेल्या क्षणांमुळे. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, ‘तू क्षमा कर’. म्हणून ‘आम्ही क्षमस्व आहोत’ असं जे हल्ली लिहिलेलं दिसतं, ते होत नाही. ‘आम्ही दिलगीर आहोत’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘क्षमस्व’.

सहक्षेपण कशाला म्हणू नये, हेही पाहू. विविध भारती १९५७मध्ये सुरू झाली. उपग्रह येण्यापूर्वी तिचे कार्यक्रम फितींवर ध्वनिमुद्रित होऊन वेगवेगळ्या केंद्रांना पाठवले जात आणि तिथून लागत. कार्यक्रम दुसरीकडे तयार झालेला, लागला तुमच्या केंद्रावरून, तरी ते सहक्षेपण नव्हे. त्यात ‘सह’ नाही. फीत आली, ठरल्या वेळी लावली, ते साधं प्रसारण. दुपारचा कार्यक्रम रात्री पुन्हा ऐकवला तर पुनःप्रसारण. याउलट क्रिकेटच्या सामन्याचं धावतं समालोचन. बाळ ज. पंडित मैदानावरून मराठीत बोलत असत आणि त्यांचा आवाज एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे जाई, तेव्हा चेंडू सीमेपार जाताना सगळीकडे एकदमच ओरडा व्हायचा. तसा ओरडा ध्वनिमुद्रणाने झाला नसता.

‘सहप्रक्षेपित’बद्दल. व्याकरणाने तो शब्द अशुद्ध नाही, ‘सह’ला ‘प्रक्षेपित’ जोडायला कुणाची आडकाठी नाही. पण ‘प्र’ म्हणजे पुढे, आणि सहक्षेपणात पुढे नेणं आहेच, ते पुन्हा सांगायची गरज पडत नाही. शिवाय ‘सहप्रक्षेपित’ माइकवर म्हणून पाहा, ‘ह’, ‘प्र’ आणि ‘क्ष’ एकामागोमाग येतात. बोलायच्या शब्दाला तोंडाचा विचार करावा लागतो. दूरदर्शनच्या छोट्या मनोऱ्यांनाही ‘सहक्षेपण केंद्र’च म्हणत आले. तेव्हा रूढ रूप तेच ठेवा.

आणि आजच्या दोन वाहिन्यांचं. एका वाहिनीचा कार्यक्रम दुसरी त्याच क्षणी घेऊन पुढे देत असेल, तर बिनदिक्कत सहक्षेपण म्हणा. अगदी नेमका शब्द आहे, मोबाइलवर घडलं म्हणून तो बदलत नाही. पण एकाच संस्थेने एकाच जागेवरून दोन वाहिन्यांवर एकदम कार्यक्रम सोडला, तर तिथे कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. त्याला ‘एकाच वेळी प्रसारण’ म्हणावं. ‘सहक्षेपण’ला पलीकडे दुसरं कुणीतरी बोलत असावं लागतं, आणि अलीकडे फेडरवर हात ठेवून कुणीतरी बसलेलं.