आजचे मॉर्मन लोक बहुपत्नीत्वाच्या इतिहासाकडे कसे पाहतात?

मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला ख्रिस्ती पंथ. आज बहुपत्नीत्व केलं तर त्यांच्या मुख्य चर्चमधून थेट हकालपट्टी होते. १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी जाहीरनामा काढून ही प्रथा थांबवली. तरी काही लग्नं गुपचूप होत राहिली, म्हणून १९०४ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. खरी खळबळ उडाली २०१४ मध्ये. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या बायकांची संख्या ३० ते ४० असावी, त्यांतली एक तर पंधराचीही नव्हती, हे चर्चनेच लेखात मान्य केलं. लहानपणापासून स्मिथ यांची पत्नी म्हणून एकट्या एमाचंच नाव ऐकलेल्यांना हा धक्काच होता. कुणी जुनं बहुपत्नीत्व ही देवाची तात्पुरती आज्ञा मानतं, कुणी सरळ चूक म्हणतं. पण चर्चच्या विधीत विधुराला दुसरी पत्नीही ‘अनंतकाळासाठी’, म्हणजे मृत्यूनंतरही टिकेल अशी, जोडता येते; हयात विधवेला मात्र दुसरा पती असा जोडता येत नाही. बायकांना खुपतं ते हे!